ऑनर सोसायटी (अमेरिकी महाविद्यालये)

ऑनर सोसायटी ही अभ्यास, संशोधन, नेतृत्व, कला किंवा सेवा यांतील कामगिरी पाहून निवडलेल्या विद्यार्थ्यांची संघटना होय. अशा संघटना प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील महाविद्यालयांत व विद्यापीठांत आढळतात. त्यांपैकी बहुतेकींची नावे दोन किंवा तीन ग्रीक अक्षरांनी बनलेली असतात. काही संघटना स्वतःला सोसायटी न म्हणवता 'ऑनररी फ्रॅटर्निटी', म्हणजेच सन्माननिष्ठ बंधुसंघ, म्हणवतात. सदस्यत्व सर्वसाधारणपणे निमंत्रणाने मिळते, दीक्षाविधीने पूर्ण होते आणि पदवी घेतल्यानंतरही कायम राहते.

या परंपरेतील सर्वांत जुनी संस्था फाय बीटा काप्पा ही १७७६ मध्ये एक गुप्त विद्यार्थी मंडळ म्हणून स्थापन झाली. त्यानंतरच्या काळात या संस्थांचे स्वरूप बरेच बदलले. सदस्यांची निवड कोणी करावी, ती कोणत्या निकषांवर करावी आणि दीक्षेपूर्वी उमेदवाराकडून काय अपेक्षावे, या तीन प्रश्नांना वेगवेगळ्या काळांत व वेगवेगळ्या संस्थांत निरनिराळी उत्तरे मिळाली. या संस्थांच्या सन्मानाचे मोल मुख्यतः या उत्तरांवर अवलंबून राहिले आहे.

संज्ञा व स्वरूप

अमेरिकी महाविद्यालयांतील ग्रीक-अक्षरी संघटनांचे ढोबळमानाने तीन गट पडतात. पहिला गट सामाजिक संघटनांचा. पुरुष विद्यार्थ्यांच्या अशा संघटनेस फ्रॅटर्निटी व महिला विद्यार्थ्यांच्या संघटनेस सोरोरिटी म्हणतात. त्यांचे सदस्य पुष्कळदा एकाच निवासात राहतात आणि परस्परमैत्री हा त्यांचा मुख्य हेतू असतो. दुसरा गट व्यावसायिक व सेवाभावी संघटनांचा आहे. त्यात विधी, व्यापार, औषधनिर्माण अशा एकेका व्यवसायाची वाट धरलेले किंवा समाजसेवेत रस असलेले विद्यार्थी एकत्र येतात. १९२५ मध्ये लाफायेट कॉलेजात स्थापन झालेली अल्फा फाय ओमेगा ही सेवाभावी संघटना या गटात मोडते. तिसरा गट ऑनर सोसायट्यांचा असून तेथे आधी सिद्ध झालेली गुणवत्ता ही प्रवेशाची मुख्य अट असते.

ऑनर सोसायटीचे सदस्यत्व आणि ऑनर्स पदवी या दोन भिन्न गोष्टी आहेत. भारतातील बी.ए. ऑनर्ससारखी पदवी विद्यापीठ विशिष्ट अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर देते. अमेरिकी विद्यापीठांत उच्च गुणांसाठी पदवीवर लॅटिन भाषेत नोंदला जाणारा 'कम लॉडे' हा शेरादेखील विद्यापीठाचाच असतो. ऑनर सोसायटी मात्र स्वतंत्र संस्था असते. तिला स्वतःची घटना, राष्ट्रीय कार्यालय आणि निरनिराळ्या महाविद्यालयांतील शाखा असतात. त्याचप्रमाणे १९२१ मध्ये स्थापन झालेली नॅशनल ऑनर सोसायटी ही माध्यमिक शाळांतील विद्यार्थ्यांसाठी असून महाविद्यालयीन संस्थांशी तिची गल्लत करू नये.

इतिहास

फाय बीटा काप्पाची स्थापना

व्हर्जिनियातील विल्यम्सबर्ग येथील विल्यम अँड मेरी कॉलेजात ५ डिसेंबर १७७६ रोजी पाच विद्यार्थ्यांनी फाय बीटा काप्पाची स्थापना केली. अमेरिकेच्या स्वातंत्र्याची घोषणा होऊन तेव्हा जेमतेम पाच महिने झाले होते. जॉन हीथ हा संस्थेचा पहिला अध्यक्ष झाला. याच कॉलेजात त्याआधी लॅटिन अक्षरांच्या नावांची विद्यार्थी मंडळे अस्तित्वात होती. त्यांतील एका मंडळाने प्रवेश नाकारल्यामुळे हीथने नवे मंडळ काढले, अशी परंपरागत हकीकत सांगितली जाते. संस्थेच्या सभा रॅली टॅव्हर्न या खानावळवजा विश्रामगृहातील 'अपोलो' दालनाशी जोडल्या जातात.

संस्थेचे नाव ज्या ग्रीक ब्रीदवाक्याच्या आद्याक्षरांवरून पडले, त्याचा अर्थ 'ज्ञानप्रेम हे जीवनाचे सुकाणू होय' असा आहे. सभांमध्ये निबंधवाचन व वादविवाद होत. महाविद्यालयाच्या वर्गात सहज चर्चिले न जाणारे विषय येथे मोकळेपणाने मांडता यावेत, हा गुप्ततेमागील एक हेतू होता. शपथ, विशिष्ट हस्तांदोलन, ब्रीदवाक्य, पदक आणि दीक्षाविधी ही पुढील सर्व ग्रीक-अक्षरी संघटनांची ओळख ठरलेली अंगे या मंडळात प्रारंभापासून होती. अमेरिकेचे पुढे सरन्यायाधीश झालेले जॉन मार्शल हे आरंभीच्या सदस्यांपैकी एक होत.

एलिशा पार्मेली या सदस्याने नव्या शाखांची सनदपत्रे उत्तरेकडे नेली. त्यामुळे येल येथे १७८० मध्ये व हार्वर्ड येथे १७८१ मध्ये शाखा सुरू झाल्या. १७८१ च्या आरंभी युद्धाची झळ व्हर्जिनियाला पोहोचल्याने मूळ शाखेचे काम बंद पडले. संस्था टिकली ती या दोन शाखांमुळे. डार्टमथ येथे १७८७ मध्ये आणि युनियन कॉलेजात १८१७ मध्ये आणखी शाखा निघाल्या.

गुप्ततेचा त्याग

१८२६ मध्ये फ्रीमेसन संघटनेची गुपिते प्रसिद्ध करण्याची तयारी करणारा विल्यम मॉर्गन हा न्यूयॉर्क राज्यातील गृहस्थ नाहीसा झाला. त्यानंतर देशभर गुप्त संघटनांविरुद्ध लोकमत प्रक्षुब्ध झाले. याचा परिणाम फाय बीटा काप्पावरही झाला आणि हार्वर्ड शाखेने १८३१ मध्ये गुप्ततेची अट काढून टाकली. इतर शाखांतही गुप्ततेचे महत्त्व ओसरले. याच काळात संस्थेची वार्षिक व्याख्याने विद्वत्तेचे सार्वजनिक व्यासपीठ बनली होती. राल्फ वॉल्डो इमर्सन यांचे 'द अमेरिकन स्कॉलर' हे प्रसिद्ध भाषण ३१ ऑगस्ट १८३७ रोजी हार्वर्ड शाखेच्या कार्यक्रमात झाले.

गुप्त मैत्रीमंडळाची परंपरा मात्र संपली नाही. युनियन कॉलेजात १८२५ मध्ये काप्पा अल्फा सोसायटी आणि १८२७ मध्ये सिग्मा फाय व डेल्टा फाय या संघटना निघाल्या. सामाजिक फ्रॅटर्निटींचा विस्तार येथून सुरू झाला. अशा रीतीने एकाच मुळापासून दोन शाखा फुटल्या. एकीने मैत्री व गुप्तता जपली आणि दुसरीने गुणवत्तेचा सन्मान हे आपले कार्य मानले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फाय बीटा काप्पाची निवड विद्यार्थी सदस्यांच्या पसंतीऐवजी अभ्यासातील गुणवत्तेवर स्थिरावली. १८८३ मध्ये सर्व शाखांचा एक राष्ट्रीय संघ बनला.

विषयवार संस्थांचा उदय

फाय बीटा काप्पाचा भर कला व मूलभूत शास्त्रे यांवर असल्याने अभियांत्रिकी, वैद्यक इत्यादी शाखांतील विद्यार्थ्यांना तिच्यात सहसा स्थान नव्हते. ही उणीव भरून काढण्यासाठी लीहाय विद्यापीठातील खाणकामाचे प्राध्यापक एडवर्ड हिगिन्सन विल्यम्स (धाकटे) यांनी १८८५ मध्ये अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी टाऊ बीटा पाय ही संस्था काढली. त्यानंतरच्या काही प्रमुख संस्था पुढीलप्रमाणे आहेत:

• सिग्मा झाय (१८८६, कॉर्नेल विद्यापीठ): वैज्ञानिक संशोधन
• फाय काप्पा फाय (१८९७, मेन विद्यापीठ): सर्व विद्याशाखा
• अल्फा ओमेगा अल्फा (१९०२, शिकागो): वैद्यक
• ईटा काप्पा न्यू (१९०४, इलिनॉय विद्यापीठ): विद्युत अभियांत्रिकी, २०१० पासून आयट्रिपलई या अभियंता संघटनेत समाविष्ट
• ओमिक्रॉन डेल्टा काप्पा (१९१४, वॉशिंग्टन अँड ली विद्यापीठ): नेतृत्व
• फाय थीटा काप्पा (१९१८): दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालविणारी महाविद्यालये
• काप्पा काप्पा साय (१९१९, ओक्लाहोमा): महाविद्यालयीन बँडपथके
• फाय अल्फा थीटा (१९२१, आर्कान्सा विद्यापीठ): इतिहास

संस्थांची संख्या वाढल्यावर त्यांच्या दर्जाविषयी काही समान नियम असावेत, या उद्देशाने १९२५ मध्ये असोसिएशन ऑफ कॉलेज ऑनर सोसायटीज हा संघ स्थापन झाला. सर्वच जुन्या संस्था या संघात नाहीत. फाय बीटा काप्पा स्वतंत्रपणे काम करते.

निवड व भरती

ऑनर सोसायटीत प्रवेश मिळण्याच्या तीन पद्धती प्रचलित आहेत. पहिलीत विद्यार्थ्याची परस्पर निवड होते, दुसरीत गुणांच्या आधारे पात्र ठरलेल्यांना उमेदवारीचा काळ पार करावा लागतो, तर तिसरीत सामाजिक फ्रॅटर्निटीप्रमाणे भरतीपासून सुरुवात होते.

परस्पर निवडीची पद्धत

फाय बीटा काप्पात विद्यार्थ्याला अर्ज करता येत नाही. शाखा असलेल्या महाविद्यालयातील जे अध्यापक व कर्मचारी स्वतः संस्थेचे सदस्य असतात, ते विद्यार्थ्यांची शैक्षणिक नोंद तपासून मतदान करतात आणि निवड झालेल्यास पत्र पाठवितात. निवड बहुधा पदवीच्या तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षी होते. संस्थेच्या माहितीनुसार अमेरिकेतील उच्च शिक्षणसंस्थांपैकी सुमारे १० टक्के संस्थांमध्येच तिच्या शाखा आहेत आणि तेथील कला व शास्त्र शाखांच्या पदवीधरांपैकी सुमारे १० टक्के विद्यार्थी निवडले जातात.

केवळ गुणांची सरासरी पुरेशी धरली जात नाही. अभ्यासक्रमाचा मोठा भाग कला व मूलभूत शास्त्रे यांतील विषयांचा असावा, मातृभाषेखेरीज दुसऱ्या भाषेचा मध्यम पातळीपर्यंत अभ्यास झालेला असावा, तसेच गणित, तर्कशास्त्र किंवा संख्याशास्त्र यांपैकी एखादा विषय महाविद्यालयीन पातळीवर घेतलेला असावा, अशा अपेक्षा असतात. त्यामुळे एकाच विषयात सर्वोच्च गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यापेक्षा निरनिराळ्या विषयांत गती दाखविणारा विद्यार्थी निवडला जाऊ शकतो. उमेदवार स्वतः प्रयत्न करीत नसल्याने अनेकांना पत्र येईपर्यंत संस्थेची माहितीच नसते आणि काही जण ते पत्र फसवणुकीचा प्रकार समजून दुर्लक्षितात.

पात्रता आणि उमेदवारी

टाऊ बीटा पायमध्ये निवडीचे दोन टप्पे असतात. पहिला टप्पा गुणांचा. तिसऱ्या वर्षाच्या वर्गातील पहिला एक-अष्टमांश आणि चौथ्या वर्षाच्या वर्गातील पहिला एक-पंचमांश भाग पात्र ठरतो. दुसरा टप्पा चारित्र्याचा असून त्याचा निर्णय शाखेचे विद्यमान विद्यार्थी सदस्य मतदानाने घेतात. या दोन टप्प्यांच्या दरम्यान उमेदवार सभांना हजर राहतो, सेवाकार्यात भाग घेतो आणि सदस्यांशी परिचय करून घेतो. काही शाखांत उमेदवाराला संस्थेच्या बोधचिन्हाचा पितळी ओतीव नमुना कानशीने घासून व पॉलिश करून चकचकीत करावा लागतो. हे चिन्ह पुलाखालील आधारचौकटीच्या आकाराचे असून त्याला 'बेंट' म्हणतात. अभियंत्याने हाताने काम केलेले असावे, असा या प्रथेचा आशय सांगता येतो.

फाय काप्पा फायमध्ये पदवीच्या तिसऱ्या वर्षातील पहिले साडेसात टक्के आणि चौथ्या वर्षातील व पदव्युत्तर वर्गातील पहिले दहा टक्के विद्यार्थी पात्र मानले जातात. सिग्मा झायमध्ये परीक्षेतील गुणांपेक्षा संशोधनातील काम महत्त्वाचे असून विद्यमान सदस्यांकडून नामनिर्देशन व्हावे लागते.

भरतीची पद्धत

काप्पा काप्पा साय हा बँडपथकांतील वादकांचा सन्माननिष्ठ बंधुसंघ आहे. ओक्लाहोमा कृषी व यांत्रिकी महाविद्यालयात (आताचे ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठ) २७ नोव्हेंबर १९१९ रोजी दहा वादक विद्यार्थ्यांनी तो स्थापन केला. तेथे प्रवेशाची वाट सामाजिक संघटनांसारखी, म्हणजे परिचय, निमंत्रण, उमेदवारी व दीक्षा अशी आहे.

सत्राच्या आरंभी शाखा परिचयसभा घेते. या काळाला अमेरिकी महाविद्यालयांत 'रश' असे म्हणतात. इच्छुक विद्यार्थी सदस्यांना भेटतात, संघाचे काम समजून घेतात आणि सदस्य त्यांची वादनातील तयारी, वर्तन व बँडसाठी झटण्याची वृत्ती पाहतात. त्यानंतर सदस्य मतदान करतात आणि पसंत पडलेल्यांना निमंत्रण देतात. या निमंत्रणास 'बिड' म्हणतात. ते स्वीकारणाऱ्यास पूर्वी 'प्लेज' म्हणत. आता अनेक संघटना 'उमेदवार' किंवा 'नवसदस्य' या अर्थाचे शब्द वापरतात, कारण जुन्या शब्दाला छळाच्या घटनांचा वास येऊ लागला आहे.

उमेदवारीचा काळ सहसा काही आठवड्यांचा असतो. त्यात संघाचा इतिहास, घटना, ब्रीदवाक्य आणि शाखेचे कामकाज शिकविले जाते. बँडला उपयोगी पडेल असे एखादे काम उमेदवारांनी एकत्र पार पाडावे, अशीही अपेक्षा असते. वाद्ये व गणवेश यांची व्यवस्था लावणे, स्वरलिपींच्या प्रती नीट करणे किंवा पाहुण्या पथकाचे आदरातिथ्य करणे ही अशा कामांची उदाहरणे होत. काप्पा काप्पा सायमध्ये दीक्षा तीन पायऱ्यांत होते. पहिल्या पायरीने उमेदवारी सुरू होते, दुसरी मध्ये येते आणि तिसरीनंतर पूर्ण सदस्यत्व मिळते.

दीक्षाविधी

दीक्षाविधीत सर्वसाधारणपणे काही समान अंगे आढळतात. संस्थेचा इतिहास व उद्दिष्टे वाचून दाखविली जातात, ग्रीक नावाचा अर्थ उलगडला जातो, उमेदवार प्रतिज्ञा घेतो, सदस्यांच्या नोंदवहीत स्वाक्षरी करतो आणि त्याला बोधचिन्ह किंवा प्रमाणपत्र दिले जाते. फाय बीटा काप्पाच्या समारंभात पूर्वीचे गुप्त हस्तांदोलन आजही शिकविण्याची रीत आहे. मात्र समारंभाला आईवडील व मित्र उपस्थित राहू शकत असल्याने त्यात आता गुपितापेक्षा स्मरणाचा भाग अधिक असतो. नोंदवहीतील स्वाक्षरीला विशेष महत्त्व असते, कारण तीमुळे नव्या सदस्याचे नाव शाखेच्या आरंभापासूनच्या नावांच्या मालिकेत येते.

काप्पा काप्पा सायसारखे बंधुसंघ आपले विधी अद्याप सदस्यांपुरते राखून ठेवतात. विधीतील मजकूर बाहेर सांगू नये, एवढ्यापुरती ही गोपनीयता असते. उमेदवाराने काय सोसले हे लपविण्यासाठी तिचा वापर होऊ नये, असे अशा संघांच्या राष्ट्रीय नियमांत स्पष्ट केलेले असते.

बोधचिन्हांपैकी फाय बीटा काप्पाची 'की' म्हणजे चावी सर्वांत प्रसिद्ध आहे. मूळ पदक चौकोनी व चांदीचे होते. पुढे त्याला खिशातील घड्याळाला चावी देण्याची दांडी जोडली गेली आणि पदकाची चावी झाली. तिच्या एका बाजूला संस्थेची ग्रीक अक्षरे, तर्जनी दाखविणारा हात व तीन तारे असतात. तारे मैत्री, नीती व विद्या यांची प्रतीके मानली जातात. दुसऱ्या बाजूला 'सोसायटास फिलॉसॉफिए' या लॅटिन नावाची आद्याक्षरे व स्थापनेचा दिनांक कोरलेला असतो.

सदस्यत्वाचे लाभ

बहुतेक मान्यताप्राप्त संस्था दीक्षेच्या वेळी एकदाच शुल्क घेतात. सदस्याला प्रमाणपत्र, संस्थेचे नियतकालिक, शिष्यवृत्तीसाठी अर्ज करण्याचा हक्क आणि माजी सदस्यांशी संपर्क मिळतो. नोकरी किंवा पदव्युत्तर प्रवेशाच्या अर्जात सदस्यत्वाचा उल्लेख केला जातो.

अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या सेवेत याचा प्रत्यक्ष उपयोगही होतो. पदवीधरांना सामान्यतः जीएस-५ या पदश्रेणीत प्रवेश मिळतो. विशेष शैक्षणिक गुणवत्ता असणाऱ्यांना अनेक पदांसाठी जीएस-७ ही वरची श्रेणी मिळू शकते. ही गुणवत्ता सिद्ध करण्याचा एक मार्ग म्हणजे आवश्यक दर्जाच्या राष्ट्रीय ऑनर सोसायटीचे सदस्यत्व होय. केवळ प्रथम वर्षाच्या गुणांवर मिळालेले सदस्यत्व यासाठी ग्राह्य धरले जात नाही.

वगळणूक व प्रवेशाचा विस्तार

आरंभीच्या सर्व सोसायट्या गोऱ्या पुरुष विद्यार्थ्यांच्या होत्या. फाय बीटा काप्पात महिलांची पहिली निवड १८७५ मध्ये व्हर्माँट विद्यापीठाच्या शाखेने केली. लिडा मेसन व एलेन हॅमिल्टन या त्या दोन विद्यार्थिनी होत. याच शाखेने १८७७ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन हेंडरसन यांची निवड केली. ते संस्थेचे पहिले कृष्णवर्णीय सदस्य होत. येलमधून १८७४ मध्ये पदवी घेतलेले भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड बूशे यांचे नाव पुष्कळदा पहिले म्हणून दिले जाते, परंतु त्यांची निवड येल शाखेची पुनर्रचना झाल्यानंतर १८८४ मध्ये झाली.

एकेका विद्यार्थ्याची निवड होणे आणि कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाला शाखा मिळणे यांत मोठे अंतर होते. फिस्क व हॉवर्ड या विद्यापीठांना फाय बीटा काप्पाच्या शाखा १९५३ मध्ये मिळाल्या. शाखा नसलेल्या महाविद्यालयातील विद्यार्थी कितीही गुणवान असला, तरी तो निवडीच्या कक्षेबाहेर राहत असे. त्यामुळे कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांनी १९३७ मध्ये अल्फा काप्पा म्यू ही स्वतंत्र ऑनर सोसायटी स्थापन केली.

टाऊ बीटा पायमध्ये काही दशके गुणवान विद्यार्थिनींना सदस्यत्वाऐवजी वेगळे 'महिला पदक' दिले जाई. १९६९ मध्ये घटनेत बदल होऊन महिलांना पूर्ण सदस्यत्व मिळू लागले. काप्पा काप्पा सायने १९७७ पासून महिलांना प्रवेश दिला. दुसरीकडे, १९१८ मध्ये विद्यार्थिनींसाठी स्थापन झालेली मॉर्टर बोर्ड ही संस्था १९७५ मध्ये पुरुषांनाही खुली झाली.

उमेदवारांचा छळ

सदस्यत्वाच्या मोबदल्यात उमेदवाराला अपमान, मारहाण, जबरदस्तीचे मद्यपान, जागरण किंवा अन्य धोकादायक कृत्ये सोसावयास लावणे यास अमेरिकेत 'हेझिंग' म्हणतात. भारतीय महाविद्यालयांतील रॅगिंगशी त्याचे साम्य आहे, पण एक फरकही आहे. रॅगिंगचा बळी बहुधा केवळ नवा विद्यार्थी असल्यामुळे लक्ष्य होतो. हेझिंगचा बळी मात्र त्या गटात प्रवेश मिळावा म्हणून आलेला असतो. त्यामुळे त्याने संमती दिली होती, असा बचाव केला जातो. अनेक राज्यांच्या कायद्यांत ही संमती ग्राह्य धरली जात नाही.

मृत्यूंच्या बहुतेक घटना सामाजिक फ्रॅटर्निटींशी संबंधित आहेत. गुण पाहून परस्पर निवड करणाऱ्या सोसायट्यांत उमेदवारीचा काळच नसल्याने हा धोका जवळजवळ उद्भवत नाही. तथापि, जेथे विद्यमान सदस्यांची पसंती आणि दीर्घ उमेदवारी या दोन्ही गोष्टी असतात, तेथे सन्मानाचे नाव पुरेसे संरक्षण देत नाही. २०११ मध्ये फ्लोरिडा ए अँड एम विद्यापीठाच्या बँडपथकातील एका विद्यार्थ्याचा पथकाच्या बसमध्ये झालेल्या मारहाणीनंतर मृत्यू झाला. हा प्रकार ग्रीक-अक्षरी संघटनेच्या दीक्षेत घडला नव्हता. परंतु पथकातील विद्यार्थ्यांमध्ये मान मिळविण्यासाठी मार सोसण्याची प्रथा त्यातून उघडकीस आली.

अमेरिकेतील बहुसंख्य राज्यांत हेझिंगविरोधी कायदे आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये संमत झालेल्या 'स्टॉप कॅम्पस हेझिंग' या केंद्रीय कायद्यानुसार महाविद्यालयांना अशा घटनांची नोंद ठेवून ती जाहीर करणे बंधनकारक झाले. भारतात महाराष्ट्राने रॅगिंगविरोधी कायदा १९९९ मध्ये केला, तर विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये देशभरासाठी विनियम लागू केले.

टीका

ऑनर सोसायट्यांवर मुख्यतः तीन आक्षेप घेतले जातात. पहिला आक्षेप असा की, गुणांनी आधीच सिद्ध झालेल्या यशाचा त्या पुन्हा एकदा गौरव करतात आणि विद्यार्थ्याच्या ज्ञानात फारशी भर घालत नाहीत. दुसरा आक्षेप शुल्काचा आहे. सन्मान स्वीकारण्यासाठी पैसे भरावे लागत असतील, तर कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्याला तो नाकारावा लागतो. यासाठी काही शाखा अशा विद्यार्थ्यांचे शुल्क स्वतः भरतात.

तिसरा आक्षेप निवडीतील पक्षपाताचा असून तो वैद्यकीय शिक्षणात विशेष तीव्रतेने पुढे आला. अल्फा ओमेगा अल्फाच्या सदस्यत्वाला विशेषज्ञतेच्या प्रशिक्षणासाठी प्रवेश मिळविताना वजन असते. 'जामा इंटर्नल मेडिसिन' या नियतकालिकात २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात परीक्षेतील गुण व इतर बाबी विचारात घेतल्यावरही कृष्णवर्णीय व आशियाई विद्यार्थ्यांची या संस्थेत निवड होण्याची शक्यता गोऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा कमी असल्याचे आढळले. त्यानंतर २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई येथील आयकान वैद्यकीय महाविद्यालयाने विद्यार्थ्यांची नामनिर्देशने स्थगित केली. गुणांसोबत चारित्र्य किंवा नेतृत्व यांसारखे निकष जोडले की निवड अधिक समग्र होते. मात्र त्याच निकषांतून निवडणाऱ्यांचे पूर्वग्रहही आत येऊ शकतात, हे या प्रकरणातून दिसून आले.

मान्यताप्राप्त संस्थेची पारख

निमंत्रणाची प्रथा रूढ असल्यामुळे तिचे अनुकरण करणाऱ्या व्यापारी संस्थाही निर्माण झाल्या आहेत. अशा संस्था मोठ्या संख्येने विद्यार्थ्यांना ईमेल पाठवून शुल्काच्या मोबदल्यात सदस्यत्व देऊ करतात. महाराष्ट्रातून वा भारताच्या अन्य भागांतून अमेरिकेत शिकावयास गेलेल्या विद्यार्थ्यांना या परंपरेचा पूर्वपरिचय नसल्याने खरे निमंत्रण व जाहिरात यांतील फरक ओळखणे अवघड जाते. फाय बीटा काप्पासह अनेक संस्थांत परदेशी विद्यार्थ्यांची निवड होऊ शकते. त्यामुळे प्रत्येक निमंत्रण टाकाऊही मानता येत नाही.

मान्यताप्राप्त संस्था ओळखण्यासाठी पुढील बाबी तपासल्या जातात:

• संस्थेची अधिकृत शाखा आपल्या महाविद्यालयात आहे काय आणि विद्यापीठाच्या यादीत तिची नोंद आहे काय
• शाखेला अध्यापक मार्गदर्शक आहे काय
• पात्रतेचे निकष लेखी व जाहीर आहेत काय आणि त्यांची पडताळणी महाविद्यालयाच्या नोंदींवरून होते काय
• शुल्क एकदाच घेतले जाते की दरवर्षी, आणि ते भरण्याची घाई केली जाते काय
• संस्थेचा कारभार सदस्यांनी निवडलेल्या मंडळाकडे आहे काय
• उमेदवारीचा काळ असल्यास त्यातील कामे लेखी सांगितली आहेत काय आणि नकार देण्याची मोकळीक आहे काय

असोसिएशन ऑफ कॉलेज ऑनर सोसायटीजच्या निकषांनुसार सर्वसाधारण शैक्षणिक संस्थेसाठी विद्यार्थी वर्गाच्या वरच्या २० टक्क्यांत, तर एखाद्या विषयापुरत्या मर्यादित संस्थेसाठी वरच्या ३५ टक्क्यांत असावा लागतो. निमंत्रण पाठविणाऱ्या संस्थेला आपली गुणसंख्या कोठून कळली, हा प्रश्न त्यामुळे महत्त्वाचा ठरतो. गुण न पाहता आलेल्या निमंत्रणात गुणवत्तेच्या सन्मानाचा मूळ आधारच नसतो.